रात्री गेम, डोक्यावर कर्ज आणि दिवसा झोप: थकव्याचं खरं कारण कसं ओळखायचं?

चिमूर असो की चंद्रपूर, पोरगा दिवसा पेंगताना दिसला की घरचा निकाल ठरलेला असतो, "रात्रभर मोबाईलवर गेम, दुसरं काय!" पोरगा मनात म्हणतो, शिक्षणाच्या कर्जाचं टेन्शन आहे. दोघांचंही बरोबर असू शकतं. पण आणखी एक कारण असतं आणि ते ज्याला असतं त्यालाच कळत नाही, कारण तेव्हा तो झोपेत असतो. ते म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया.

तिन्हींत फरक काय?

गेममुळे झोप कमी पडते. रात्री दोनला फोन ठेवला आणि सहाला उठलात, तर थकवा येणारच.

कर्जाच्या काळजीने झोप लागत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र आधीपासूनच चढत असतं. नोकरी नसेल तर हाच हिशेब रात्री डोक्यात फिरतो.

स्लीप अ‍ॅप्नियात मात्र झोप लागते, आठ तासही होतात, पण ती सतत तुटते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि मेंदू झटका देऊन जागं करतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. तासाला असे ५ ते १५ प्रकार म्हणजे सौम्य त्रास, ३० च्या वर म्हणजे गंभीर.

घरी कसं ओळखायचं?

दोन आठवडे फोन लवकर बाजूला ठेवा आणि रोज सात-आठ तास झोपा. थकवा गेला तर दोष जागरणाचा होता. तरीही पेंग येत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, तर शेजारी झोपणाऱ्याला विचारा: मी जोरात घोरतो का? मध्येच श्वास थांबतो का? घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. वजन जास्त असेल तर धोका वाढतो, पण टॉन्सिल मोठे किंवा जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसालाही हा त्रास होतो.

दुर्लक्ष केलं तर?

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हाच आजार होता. यामुळे रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. आणि पहाटे पर्यटकांना घेऊन ताडोबाच्या कोलारा गेटकडे निघालेल्या ड्रायव्हरला एक डुलकीही महागात पडते.

उपचार आणि खर्च

आधी झोपेची तपासणी लागते. काही ठिकाणी छोटं यंत्र देऊन ती घरीही करतात. चिमूरहून चंद्रपूर किंवा नागपूर गाठायचं तर आधी फोन करून सोय आहे का ते विचारा. सरकारी मेडिकल कॉलेजपासून सुरुवात केली तर खर्च आवाक्यात राहतो.

सौम्य त्रासात वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू टाळणं यानेही फरक पडतो. त्रास जास्त असेल तर सीपॅप मशीन देतात. मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन ती घसा उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. मशीनची किंमत हजारोंत जाते, म्हणून लगेच नवं कर्ज काढू नका. ती भाड्यानेही मिळते. महिनाभर वापरून, मास्क नीट बसतो का ते बघून मगच विकत घ्या. पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर चालेल का हेही विचारा.

गेम बंद करता येतो, कर्ज हळूहळू फिटतं. पण झोपेत थांबणारा श्वास आपला आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून आज रात्री घरातल्या कुणाला तरी कान देऊन ऐकायला सांगा.