फरशीवर दोन वर्तुळं, हातात चिंचोके

व्हेन आकृती फळ्यावर काढली की मुलं जांभया देतात. फरशीवर खडूनं काढा आणि बघा! एक वर्तुळ ‘गोदाकाठची गावं’, दुसरं ‘कुंभमेळ्याची गावं’. गावाची चिठ्ठी उचलायची, योग्य जागी जाऊन उभं राहायचं. पैठण, नांदेड पहिल्यात. उज्जैन, हरिद्वार दुसऱ्यात. नाशिक-त्र्यंबकेश्वर मधल्या भागात. मालेगाव मात्र दोन्हींच्या बाहेर. खरी हुज्जत तिथेच होते, कारण ‘बाहेर’ हेही उत्तर असतं हे मुलांना लवकर पटत नाही.

जॉन व्हेननं ही वर्तुळं १८८० मध्ये मांडली. पुढे ‘ॲलिस’वाल्या लुईस कॅरलनं चौकोनी पट आणि नऊ सोंगट्यांचा खेळच काढला. लाल सोंगटी म्हणजे इथे कुणीतरी आहे, करडी म्हणजे घर रिकामं. नक्की कुठलं घर ते कळेना, तर लाल सोंगटी सरळ रेघेवर! हा नियम मला अफलातून वाटतो. आपल्याला चिंचोके आणि खडे पुरेत.

आपल्या देवळालीच्या गणिती द. रा. कापरेकर सरांना १९७५ मध्ये जगापुढे आणणाऱ्या गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनीही तर्कयंत्रं आणि तर्काच्या आकृत्यांवर अख्खं पुस्तक लिहिलंय, १९५८ साली.

नाशिककर शिक्षकांनो, एक तास काढाच. आणि मालेगावच्या चिठ्ठीवर काय वाद झाला, ते जरूर कळवा.