फंडाचे पेन्शन : कुणाला, केव्हा आणि किती?

कामगार नोकरी सोडतो तेव्हा फंडाचे पैसे किती मिळणार, हे विचारतो. घरातला कमावता माणूस गेला की त्याचे नातेवाईकही फंडाच्या ऑफिसात जाऊन तेवढेच विचारतात. एकरकमी पैसे हाती आले की व्यवहार संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. त्याच फंडाच्या खात्याला जोडून पेन्शनचा दुसरा एक हक्क असतो आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे अनेक विधवा आणि मुले दरमहा मिळू शकणाऱ्या रकमेला मुकतात.

या योजनेचे नाव कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती, ती हिच्यात सामावली गेली. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे पूर्णपणे फंडात जातात. पेन्शनसाठी त्याला वेगळे काही द्यावे लागत नाही. मालक जी वर्गणी भरतो तिच्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शनच्या खात्यात जाते आणि केंद्र सरकार १.१६ टक्के भर घालते. १ सप्टेंबर २०१४ पासून यासाठी धरायच्या पगाराची मर्यादा रु. १५,००० आहे. म्हणजे मालकाकडून पेन्शनसाठी महिन्याला जास्तीत जास्त रु. १,२५० जमा होतात.

योजनेत दोन आकडे महत्त्वाचे आहेत : दहा वर्षे आणि एक महिना. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. अपंगत्वाच्या आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या कुटुंबाच्या पेन्शनसाठी मात्र एका महिन्याची वर्गणी पुरते. लोक या दोन अटींची गल्लत करतात आणि नुकसान करून घेतात. वाचकांच्या मनात नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : या योजनेत कोण येते?

उत्तर : ज्या कारखान्यात, गिरणीत, दुकानात किंवा ऑफिसात २० किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात, तेथील कामगारांना फंड लागू होतो. यंत्रमाग, बेकरी, गॅरेज अशा ठिकाणी माणसे कमी असतील तरी मालक आपणहून योजनेत येऊ शकतो. ठेकेदाराकडून आलेला कामगारही यात मोजला जातो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच फंडाचा सभासद झालेल्या आणि पगार रु. १५,००० हून अधिक असलेल्या माणसाला या पेन्शनचे सभासद होता येत नाही.

प्रश्न : म्हातारपणाचे पेन्शन केव्हा आणि किती मिळते?

उत्तर : दहा वर्षांची नोकरी आणि ५८ वर्षे वय झाले की मिळते. साडेनऊ वर्षे भरली असतील तर ती दहा धरली जातात, कारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्षात मोजतात. हिशेब सोपा आहे. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार काढायचा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. समजा, २०१५ मध्ये नोकरीला लागलेल्या माणसाची दहा वर्षे भरली आणि त्याचा सरासरी पगार रु. १४,००० आहे. १४,००० गुणिले १० म्हणजे १,४०,०००, भागिले ७०. पेन्शन महिन्याला रु. २,०००. वीस वर्षे किंवा अधिक नोकरी करून ५८ व्या वर्षी पेन्शन घेणाऱ्याला हिशेबात दोन वर्षे वाढवून मिळतात. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या नोकरीसाठी जुनी रु. ६,५०० ची पगारमर्यादा धरली जाते, म्हणून जुन्या कामगारांचा हिशेब दोन तुकड्यांत होतो.

वयाच्या पन्नाशीनंतर पेन्शन लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात होते. वरच्या उदाहरणातील माणसाने ५७ व्या वर्षी घेतले तर रु. २,००० ऐवजी रु. १,९२० मिळतील, आणि ही कपात जन्मभर राहील. उलट ६० वर्षांपर्यंत थांबल्यास दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. किमान पेन्शन २०१४ पासून रु. १,००० आहे. ही रक्कम आजच्या महागाईत तुटपुंजी आहे आणि ती वाढवण्यासाठी पेन्शनरांच्या संघटना अनेक वर्षे आंदोलन करत आहेत.

प्रश्न : मी तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या. कुठेच दहा वर्षे झाली नाहीत. मग माझा हक्क गेला काय?

उत्तर : मुळीच नाही. दहा वर्षे एकाच मालकाकडे भरली पाहिजेत असे नाही. मध्ये खंड पडला तरी चालतो, फक्त तो काळ मोजला जात नाही. खरा घात होतो तो पेन्शनचे पैसे काढून घेतल्याने. नोकरी सुटली की हाती पैसे नसतात, आणि कोणीतरी एजंट १०-सी फॉर्म भरून पेन्शनची रक्कम काढून देतो. त्याबरोबर त्या नोकरीची वर्षे पुसली जातात. एका ठिकाणी सहा आणि दुसऱ्या ठिकाणी पाच वर्षे केलेला माणूस अकरा वर्षांचा हक्कदार आहे. पहिल्या सहा वर्षांचे पैसे त्याने काढले असतील, तर त्याच्याकडे पाचच वर्षे उरतात आणि पेन्शन जाते. म्हणून नोकरी बदलताना पैसे न काढता खाते नव्या ठिकाणी वर्ग करावे. काही काळ नोकरी मिळण्यासारखी नसेल तर त्याच १०-सी फॉर्मवर पैशांऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागावे. त्यात नोकरीची वर्षे नोंदलेली राहतात.

प्रश्न : अपघाताने किंवा आजाराने काम करता येईनासे झाले तर?

उत्तर : येथे दहा वर्षांची आणि ५८ वयाची अट नाही. नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले आणि निदान एका महिन्याची वर्गणी भरलेली असेल, तर कोणत्याही वयात पेन्शन मिळते आणि ते जन्मभर चालते. अपघात कारखान्यातच झाला पाहिजे असेही नाही. रस्त्यावर, घरी किंवा आजारामुळे आलेले अपंगत्वही चालते. मात्र पूर्वी जे काम करता येत होते ते आता मुळीच करता येत नाही, हे वैद्यकीय मंडळाच्या तपासणीत ठरावे लागते. एक बोट गेले, पण काम चालू आहे, अशा माणसाला हे पेन्शन मिळत नाही. कामावर इजा झाली असेल आणि राज्य विमा योजना लागू असेल, तर तिची भरपाई हा वेगळा हक्क आहे. त्याचा अर्ज वेगळा करावा.

प्रश्न : पती नोकरीत असताना वारले. नोकरी दोनच वर्षांची होती. पत्नीला काय मिळेल?

उत्तर : पत्नीला पेन्शन मिळेल. सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहे. ‘दहा वर्षे झाली नव्हती’ असे कोणीतरी सांगते आणि बाई परत जाते. प्रत्यक्षात एका महिन्याची वर्गणी भरली असली तरी विधवेला दरमहा किमान रु. १,००० मिळतात. पगार व नोकरीच्या हिशेबाने अधिक होत असतील तर अधिक मिळतात. शिवाय २५ वर्षांखालील दोन मुलांना प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, किमान रु. २५०, मिळतात. मुले दोनपेक्षा जास्त असतील तर मोठ्याचे २५ पूर्ण झाल्यावर पुढच्याचा क्रम लागतो. कायमचे अपंग असलेल्या मुलाला वयाची मर्यादा नाही. आई-वडील दोघेही नसतील तर मुलांना २५ ऐवजी ७५ टक्के, किमान रु. ७५०, मिळतात.

पेन्शन सुरू झाल्यानंतर पती वारला तर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. विधवेने पुन्हा निकाह केला तर तिचे पेन्शन थांबते, पण मुलांचे थांबत नाही. ते अनाथ मुलांच्या दराने चालू राहते. दोन पत्नी असतील तर जिचे लग्न आधी झाले तिला पेन्शन मिळते आणि तिच्यानंतर दुसरीला. नोकरी करणारी बाई वारली तर हाच हक्क तिच्या पतीला आहे.

प्रश्न : आई-वडिलांना मिळते काय?

उत्तर : पत्नी किंवा मुले असताना मिळत नाही. सभासद अविवाहित असेल तर त्याने नेमलेल्या व्यक्तीला, आणि कोणाला नेमले नसेल तर अवलंबून असलेल्या वडिलांना व त्यांच्यानंतर आईला मिळते. लग्नापूर्वी केलेली नेमणूक लग्नानंतर रद्द होते, हे तरुणांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : अर्ज कसा करावा?

उत्तर : तिन्ही प्रकारच्या पेन्शनसाठी १०-डी हाच फॉर्म आहे. मृत्यूच्या प्रसंगी मृत्यूचा दाखला, पत्नी व मुलांची आधार कार्डे, मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा आणि बँकेचे पासबुक लागते. विवाहाचा प्रश्न उपस्थित झाला तर निकाहनामा कामी येतो. तो जपून ठेवावा. फंड, पेन्शन आणि विमा असे तिन्ही हक्क एकाच वेळी मागावेत. अर्जाला उशीर झाला म्हणून खचून जाऊ नये. विधवेचे पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते.

आपल्याकडे अर्ज अडकण्याचे एक मोठे कारण नावातील फरक हे आहे. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘महंमद’, तिसऱ्यावर आडनावच नाही. सभासद हयात असताना ही दुरुस्ती मालकाच्या सहीने सहज होते. त्याच्यामागे विधवेला त्यासाठी खेटे घालावे लागतात.

प्रश्न : पगारातून पैसे कापतात, पण भरतात की नाही ते कसे कळावे?

उत्तर : प्रत्येक सभासदाला यूएएन नंबर असतो. त्यावर मोबाईलवरही पासबुक पाहता येते. त्यात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तोही पाहावा. पैसे कापून न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्याची लेखी तक्रार फंडाच्या विभागीय आयुक्तांकडे पगाराच्या पावतीसह करावी.

प्रश्न : पेन्शन सुरू झाल्यावर काही करावे लागते काय?

उत्तर : वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि त्या दिवसापासून बारा महिने चालतो. तो चुकला की पेन्शन थांबते. १ जानेवारी २०२५ पासून देशातील कोणत्याही बँकेच्या शाखेतून हे पेन्शन घेता येते. गावी परतणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली आहे.

प्रश्न : ज्यांना फंडच नाही त्यांनी काय करावे?

उत्तर : हातगाडीवाले, रिक्षाचालक, घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४० असावे, बँकेत खाते असावे आणि आयकर भरणारा नसावा. साठीनंतर निवडीप्रमाणे महिन्याला रु. १,००० ते ५,००० मिळतात आणि मृत्यूनंतर पती किंवा पत्नीला तेवढेच चालू राहतात. अत्यल्प उत्पन्नाच्या विधवा व अपंगांनी संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

आज नोकरीत असलेल्या प्रत्येकाने एवढे तरी करावे : पासबुक पाहावे, नाव आणि जन्मतारीख तपासावी, पत्नी व मुलांची नावे नोंदवावीत, आणि आपला यूएएन नंबर कागदावर लिहून निकाहनाम्याशेजारी ठेवावा. पत्नीला तो कोठे आहे हे सांगून ठेवावे. पेन्शन थोडे असेल, पण ज्या घरात दुसरे उत्पन्न नाही तेथे महिन्याचा किराणा त्यातूनच येतो.