बास्केटबॉलमधला फळा आणि २४ सेकंद

मंडळी, बास्केटबॉलचा सामना कधी मैदानात जाऊन बघितलात, तर बास्केटमागच्या त्या काचेच्या फळ्याकडे जरा नीट बघा. आपल्याला वाटतं, तो खेळाडूंच्या सोयीसाठी आहे; चेंडू त्यावर आपटून आत टाकता यावा म्हणून. पण तो आला तुमच्या-आमच्यासारख्या बघ्यांमुळे.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. बाहेर कडाक्याची थंडी आणि वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतली १८ मुलं कवायतीला वैतागलेली. त्यांच्यासाठी जेम्स नायस्मिथ या शिक्षकांनी एक खेळ बसवला. शिपायाकडे दोन खोकी मागितली, तर त्याने पीच फळांच्या टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेतल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून बास्केट १० फुटांवर. आजही तेवढंच! त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही, बरं का.

आता सज्जात कोण उभं राहणार? प्रेक्षक. टोपली त्यांच्या हाताशी. आपल्या संघाचा चेंडू असला की हळूच आत ढकलायचा, समोरच्यांचा असला की बाहेर. हे थांबवायला टोपलीमागे जाळी आली, मग लाकडी फळा. पण लाकडामुळे मागच्यांना काही दिसेना, म्हणून काच.

माझं मत विचाराल तर प्रेक्षकांनी हात घालून खेळ जितका बदलला, त्याहून जास्त जांभया देऊन बदलला. २२ नोव्हेंबर १९५० चा फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनियापोलिस लेकर्स यांचा सामना घ्या. लेकर्सकडे सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन. त्याच्यापुढे आपलं काय चालणार, म्हणून पिस्टन्सनी चेंडू नुसता धरून ठेवला. ४८ मिनिटांनी गुण किती? १९-१८. जिंकले पिस्टन्स, पण असलं बघायला तिकीट कोण काढणार?

शेवटी १९५४ मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून चेंडू साधारण १२० वेळा बास्केटकडे फेकतात. ४८ मिनिटांचे सेकंद २८८०. म्हणजे एका फेकीला २४ सेकंद! तेवढ्यात चेंडू फेकला नाही, तर तो दुसऱ्या संघाकडे.

हे घड्याळ फळ्याच्या वरच असतं. आकडा खाली यायला लागला की आपलीही नजर आपोआप तिकडे जाते. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत, वरळीच्या डोममध्ये, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले. बघायला हजारो शाळकरी मुलं. जादा वेळ धरून गुण झाले १३२-१३१.