ठाऊक असलेली तार

पिकांवर औषध फवारणारे विमान विजेच्या तारेत सापडून कोसळले, की वैमानिकाला तार ठाऊकच नसावी, असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो. परंतु २००१ ते २०१० या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियात घडलेल्या ज्या १८० तार-अपघातांची नोंद तेथील वाहतूक-सुरक्षा विभागाच्या दप्तरी आहे, त्यांपैकी १०० शेतीच्या उड्डाणांतले होते, आणि त्यांची छाननी केली असता सुमारे ६३ टक्के प्रसंगी ती तार कोठे आहे हे वैमानिकाला टकरीपूर्वीच माहीत होते असे आढळले.

माहीत असलेली वस्तू ऐन क्षणी विस्मरणात जावी याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पिकापासून जेमतेम तीन-चार मीटर उंचीवर, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या त्या माणसाला वाऱ्याचा रोख, टाकीतील औषध, पडद्यावरची दिशारेषा आणि पट्ट्याच्या टोकाशी घ्यावयाचे वळण यांवर एकाच वेळी चित्त ठेवावे लागते. मुख्य फेऱ्या शक्यतो तारेला समांतर आखतात, त्यामुळे तासभर ती बाजूला राहते व निरुपद्रवी भासू लागते. मग बांधालगत राहिलेला पट्टा पुरा करण्यासाठी विमान काटकोनात वळते, आणि मघाशी बाजूला असलेली तीच तार आता वाटेत आडवी असते. म्हणूनच या शेवटच्या फेरीपूर्वी थोडे वर जाऊन सारे शेत नव्याने न्याहाळावे, अशी शिफारस जाणकार आग्रहाने करतात.

नजर तीक्ष्ण असली की तार दिसतेच, ही समजूतही टिकत नाही. वर्षानुवर्षे उन्हापावसात राहिलेली तार निस्तेज होते आणि मागील रानाच्या रंगात मिसळून जाते. शिवाय एकसारख्या आडव्या रेषेवर दृष्टी ठरण्यास काही खूणच नसल्यामुळे तिचे अंतर डोळ्यांना अजमावता येत नाही. ताशी २१६ किलोमीटर वेगाने एका सेकंदात साठ मीटर मागे पडतात, हे ध्यानी घेतले म्हणजे तार दिसल्यावर सावरू या म्हणण्यातील फोलपणा कळतो. अनुभवी वैमानिक तारेला न शोधता खांब, आडवे हात आणि इन्सुलेटर शोधतो, आणि ओलांडायची झाली तर ती खांबावरूनच ओलांडतो, कारण खांब डोळ्यांना दिसतो आणि तारेची सर्वांत उंच जागाही तेथेच असते. ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण मुलुखात मात्र एकाच तारेवर वीज नेण्याची व परतीचा मार्ग जमिनीतून देण्याची पद्धत सर्वत्र रूढ असल्यामुळे खांबांमधील अंतर फार मोठे असते. एखादा खांब झाडीत दडला, तर वैमानिकाच्या हाती काहीच उरत नाही.

इतके खाली उडणे ही मर्दुमकी, हा आरोप तर सर्वस्वी अज्ञानातून येतो. वरून सोडलेले औषध वाऱ्याने शेजारच्या शेतात किंवा वस्तीत जाते, म्हणून ही उंची कामानेच ठरवलेली आहे. विजेच्या धक्क्याने मरण येते असेही लोक मानतात. प्रत्यक्षात घात होतो तो बहुधा पंख किंवा शेपटी निकामी होऊन विमान जमिनीवर आदळल्यामुळे.

उरला भरवसा तार कापणाऱ्या साधनांचा. काचेपुढे व चाकांच्या दांड्यांवर बसवलेली पोलादी पाती, आणि वैमानिकाच्या कक्षाच्या माथ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत ताणलेली दोरी ही अनेकांचे प्राण वाचवणारी तजवीज खरी. परंतु जाड, बहुपदरी वाहिनीपुढे किंवा पंखाच्या टोकाला लागलेल्या तारेपुढे तिचा इलाज चालत नाही.

१९२१ साली ओहायोत विमानातून पहिली फवारणी झाली, तेव्हा अमेरिकेतील बहुतेक शेतांवर वीज पोहोचलीच नव्हती. आज मात्र खांब-तारांचे जाळे सतत वाढत असते. गेल्या हंगामानंतर पंपासाठी ओढलेली नवी जोडतार वैमानिकाच्या जुन्या नकाशात असणार नाही, ती शेतमालकालाच माहीत असते. म्हणून उड्डाणाआधी शेताचा नकाशा त्याच्यासमोर ठेवून प्रत्येक तार त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावी लागते.