‘पहिल्या धारेची’ म्हणजे नेमकी कशी?

(या एपिसोडचं लेखी रूप. हेडफोन नसेल तर वाचून घ्या.)

मागच्या आठवड्यात ऑफिसमधला एक जण छाती फुगवून म्हणाला, "मी पहिल्या धारेचा पुणेकर!" मी विचारलं, "धार कशाची रे?" तो म्हणाला, "दुधाची असेल ना?" मी यवतमाळचा. मला हसू आवरेना. तर आजचा शब्द हाच.

आधी व्याकरण बघा. ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की पुढे ‘दारू’ म्हणावंच लागत नाही. ‘मोहाची’, ‘हातभट्टीची’ हे शब्दही तसेच. नाम गायब, पण समजतं सगळ्यांना.

आता धार. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, लोक पहाटे वेचतात आणि वाळवतात. दारू काढायची असेल तर ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात, मग भट्टीवर चढवतात. अल्कोहोल साधारण 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. म्हणून सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं. ती वाफ थंड होऊन नळीतून जी पडते ती पहिली धार, म्हणजे सगळ्यात कडक. पुढची धार पाणचट होत जाते.

यातूनच ‘अस्सल, भेसळ नसलेला’ असा अर्थ आला. पहिल्या धारेचा कार्यकर्ता, पहिल्या धारेचा पुणेकर वगैरे. इथपर्यंत मजा आहे.

गडबड पुढे होते. "पहिल्या धारेची हाये, काई होत नाई," असं कोणी म्हणतं, तेव्हा ‘कडक’चा अर्थ गुपचूप ‘सुरक्षित’ होतो. काही जण ती आगीवर टाकून दाखवतात, जाळ झाला की पास! पण जाळ फक्त अल्कोहोल भरपूर आहे एवढंच सांगतो. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलसुद्धा तसंच पेटतं. ते 65 अंशांनाच उकळतं, म्हणजे असलंच तर पहिल्या धारेतही येणार. आणि मोठे बळी जातात ते बहुतेकदा कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभरहून जास्त माणसं गेली.

आपल्या जिल्ह्यातलं सांगायचं तर एप्रिल 2021, लॉकडाऊन, वणी. दुकानं बंद म्हणून काही जण सॅनिटायझर प्यायले आणि सात जण मेल्याची बातमी आली. त्यातही हिशोब तोच: अल्कोहोल आहे ना, मग चालतं.

मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड बनतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर हल्ला करतं. त्रास लगेच होत नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. उलट्या, पोटदुखी, डोळ्यांपुढे धुकं. लोकांना वाटतं, उतरली नाही अजून, झोपू दे. झोपू देऊ नका! 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना काय प्यायला ते खरं सांगा. लवकर पोचला तर त्यावर उपचार आहेत.

शब्द वापरा बिनधास्त, मीही वापरतो. फक्त माणसासाठी वापरा. बाटलीसाठी कोणी वापरला तर एवढंच लक्षात ठेवा: धार कितवी ते सांगणारा सांगेल, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

भेटू पुढच्या शब्दाला!