लोकसंख्या शून्य

नागपूर जिल्ह्यातल्या गावांची जनगणनेची यादी वाचत गेलं की मध्येच एखाद्या ओळीवर नजर अडते. गावाला नाव आहे, सहा आकडी क्रमांक आहे, हेक्टरमध्ये क्षेत्रफळही आहे. पण घरं शून्य, माणसं शून्य. आणि तरी ते गाव आहे!

आमच्याकडे अशा गावाला रिठ म्हणतात. महसुली कागदांवर मौज्याच्या नावाशेजारी ‘रिठी’ असं लिहिलेलं दिसतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण 43 हजार 600 गावं होती, त्यांतली सुमारे 2 हजार 700 ओसाड. अशा गावाला जुना शब्द आहे ‘बेचिराख’. आपल्याला त्यात राख दिसते, जाळपोळ दिसते. पण मूळ फारसी शब्द आहे ‘बेचिराग’, म्हणजे ज्याला दिवा नाही ते. तिन्हीसांजेला जिथे दिवा लागत नाही, ते गाव उठलं. वस्ती आहे की नाही हे ओळखायची याहून सोपी रीत अजून कुणाला सुचलेली नाही.

मग नाव पुसून का टाकलं नाही? कारण मौजा म्हणजे वस्ती नव्हे, जमीन. मध्य प्रांतात इंग्रजांनी 1860 च्या दशकात मालगुजारी, म्हणजे जमीनमहसुलाची पद्धत, बसवली ती मौजेवार. शीव ठरली, शेतांचे क्रमांकित तुकडे म्हणजे खसरे पडले, सारा आकारला गेला. पुढे पटकी आली असेल, 1899-1900 चा दुष्काळ, 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ, किंवा नुसती विहीर आटली असेल. माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन शेजारच्या गावी गेली. शेतं कुठे जाणार? याच्या अगदी उलट नशीब टोलीचं, म्हणजे मूळ गावाबाहेरच्या छोट्या वस्तीचं. तिथे चुली पेटतात, पोरं खेळतात, पण स्वतंत्र मौजा नसेल तर तिची माणसं मूळ गावाच्या आकड्यात मिसळून जातात.

शून्याच्या अगदी उंबरठ्यावरचंही एक गाव आहे, अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ माळावरचं मोनोवाय. 2010 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती 1. 2020 ला ती 2 झाली! माणूस वाढला नव्हता. कुणाची खासगी माहिती आकड्यांतून उघडी पडू नये म्हणून तिथलं जनगणना खातं लहान ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गल्लत करतं. आपल्या रिठाला ही भीती नाही, तिथे माहिती उघडी पडायला कुणी नाहीच.

कागद बाजूला ठेवला तरी रिठ सापडतं, ते मातीच्या रंगावरून. काटोल-कळमेश्वरकडे बेसॉल्ट झिजून झालेली काळी जमीन पसरलेली असते आणि तिच्यात मध्येच एक फिकट, राखाडी उंचवटा दिसतो. ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेणसडा, पडलेल्या भिंतींची माती आणि गुराढोरांची हाडं एकावर एक साचून ती तयार होते. तिच्यात फॉस्फेट जास्त असतं, म्हणून शेतकरी ही माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत. एका अर्थी उठून गेलेलं गाव शेजारच्या गावाच्या ज्वारीत उतरलं.

पुरातत्त्ववाल्यांना मात्र ही माती जागेवरच हवी असते. कुही तालुक्यात आडमजवळच्या अशाच एका टेकाडाच्या उत्खननात तटबंदी असलेलं सातवाहनकाळचं नगर निघालं.