संपेल खरे, पण केव्हा?

एका कचेरीत एका दाखल्यासाठी मी तीन महिने खेटे घालत होतो. "काम होईल," असे तेथील कारकून दर खेपेस सांगत. ते खोटे बोलत नव्हते, काम झाले. पण 'होईल' आणि 'केव्हा होईल' ही दोन विधाने किती वेगळी आहेत, हे इतकी वर्षे तर्कशास्त्र शिकवूनही मला तेव्हाच नीट उमगले. ह्या दोन विधानांमधल्या अंतराचा गणितात एक स्वतंत्र विषयच झाला आहे. कलाशाखेच्या वाचकाने बिचकू नये. बेरीज-वजाबाकी येत असली तरी पुरे; कागद-पेन्सिल जवळ घेतली तर अधिक बरे.

कागदावर शून्यापासूनच्या पूर्ण संख्यांची एक जोडी लिहा. समजा, (३, ५). तिच्याखाली दुसरी लिहा, मग तिसरी. नियम एकच: नवी जोडी आधीच्या कोणत्याही जोडीच्या दोन्ही बाजूंनी बरोबरीची किंवा वरचढ नसावी. (३, ५) नंतर (४, ५) चालणार नाही. (४, २) चालेल. (०, ९००) देखील चालेल, कारण एका बाजूने ती कमी पडते. हा खेळ अखंड चालू ठेवता येईल काय?

येणार नाही. अमेरिकन गणिती लेनर्ड डिक्सन यांनी १९१३ साली विषम परिपूर्ण संख्यांचा अभ्यास करताना हे दाखवून दिले. समजा, यादी अनंत आहे. पहिल्या बाजूच्या संख्या शून्याखाली जाऊ शकत नाहीत. म्हणून यादीतून अशा अनंत जोड्या वेचता येतात की, ज्यांची पहिली संख्या पुढे कधी उतरत नाही. आता वेचलेल्या जोड्यांची दुसरी बाजू पाहा. नियम मोडायचा नसेल तर ती दर जोडीला उतरलीच पाहिजे. आणि उतरणारी संख्या शून्यावर जाऊन थांबते. खेळ खलास.

ज्या क्रमात अशी सुटका नसते त्याला गणिती 'वेल-क्वासी-ऑर्डरिंग' म्हणतात. आपण त्याला 'अटळ क्रम' म्हणू. १९५२ साली ग्रॅहम हिगमन यांनी शब्दांविषयी हेच सिद्ध केले. ठरावीक अक्षरे घेऊन शब्दांची अनंत यादी केली, तर मागचा एखादा शब्द पुढच्या एखाद्या शब्दात दडलेला सापडतोच. 'मगर'मधला 'ग' खोडला की 'मर' उरतो, तसा. १९६० मध्ये जोसेफ क्रुस्कल यांनी वंशवृक्षासारख्या फांद्या फुटणाऱ्या आकृत्यांविषयी तेच दाखवले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी ह्या विषयावर लेख लिहिला, तेव्हा ही कल्पना वारंवार शोधली गेली आहे असे त्याच्या शीर्षकातच म्हटले. विद्वान एकमेकांचे वाचत नाहीत, हे केवळ आपल्या शाखेतच घडते असे नव्हे!

आता डिक्सन यांच्या मुद्द्याकडे पुन्हा वळू. त्या युक्तिवादात एकही आकडा नाही. खेळ संपेल एवढेच तो सांगतो. शंभर जोड्यांनी की कोटी जोड्यांनी, ह्यावर तो मुका आहे. आणि नुसत्या नियमावरून ते सांगताही येणार नाही. पहिली जोडी (१, १) लिहून मी दुसरी (०, १०,००,०००) लिहिली, की पुढे दुसरी संख्या एकेकाने उतरवत मी दहा लाख खेपा काढीन. म्हणून वाढीला लगाम घालावा लागतो. समजा, पहिल्या खेपेस १ हून, दुसऱ्या खेपेस २ हून, दहाव्या खेपेस १० हून मोठी संख्या लिहायची नाही. मग (१, १), (२, ०), (१, ०), (०, ४), (०, ३), (०, २), (०, १), (०, ०) अशा आठ जोड्या होतात. लगाम तसाच एकेकाने सैल होणारा ठेवून (२, २) पासून सुरुवात केली तर मला ३७ जोड्या लिहिता आल्या. (३, ३) पासून १४८. सुरुवात एकाने वाढली की खेळ सुमारे चौपट लांबतो.

हे झाले दोन संख्यांचे. जोडीऐवजी तीन-तीन संख्या घेतल्या तर घातांकावर घातांक असे मजले चढू लागतात. असे मजले किती लवकर हाताबाहेर जातात पाहा: दोनाचा दोन घात ४, दोनाचा चार घात १६, दोनाचा सोळा घात ६५,५३६, आणि दोनाचा ६५,५३६ वा घात लिहायला १९,७२९ अंक लागतात. चार संख्या, पाच संख्या असे वाढवत गेलो तर ह्या मजल्यांची गणतीही भराभर फुगते. किती संख्या घ्यायच्या हेच मोकळे सोडले, की जर्मन तर्कशास्त्रज्ञ विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या सुप्रसिद्ध फलनाच्या वेगाने खेळ लांबतो. हिगमन यांच्या शब्दांच्या खेळाची मर्यादा तर त्याच्याही पलीकडची.

हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण संगणकाची एखादी यंत्रणा बिघडणार नाही ना, हे तपासणाऱ्या कित्येक पद्धती थांबतात त्या ह्याच आधारावर. दोन यंत्रे एकमेकांना निरोप पाठवत आहेत आणि वाटेत निरोपांतले काही अंश गळत आहेत, असे समजा. गळके निरोप म्हणजे हिगमन यांचे अक्षरे खोडलेले शब्दच. त्यामुळे ही यंत्रे नको त्या अवस्थेला पोचतील की नाही हे ठरवता येते. ते ठरवायला किती वेळ लागेल? अटळ क्रमातून निघणारी मर्यादा राक्षसी आहे. मग शंका येते: राक्षस प्रश्नात आहे, की आपल्या सिद्धतेच्या ढिलेपणात? ह्या विषयातला खरा वाद मला हाच वाटतो. गळक्या निरोपांपुरते उत्तर फिलिप श्नोबेलेन यांनी २००२ मध्ये दिले. राक्षस प्रश्नातच आहे; आकरमानच्या वेगाहून सौम्य अशी पद्धत तेथे मिळणेच शक्य नाही.

पण दर वेळी तसे नसते. काही डबे घ्या, त्यांत गोट्या. नियम असे: ह्या डब्यातून दोन काढा, त्या डब्यात एक टाका. हा कार्ल आडाम पेट्री यांच्या जाळ्यांचा घरगुती अवतार. अमुक डब्यात कधीतरी किमान दहा गोट्या जमतील काय? कार्प आणि मिलर यांनी १९६९ मध्ये ह्याचे उत्तर काढण्याची पद्धत दिली. ती डिक्सन यांच्या तत्त्वावर थांबते, आणि तिचा पसारा आकरमानच्या वेगाने वाढू शकतो. सगळेच हतबल व्हावेत अशी स्थिती. परंतु १९७८ मध्ये चार्ल्स रॅकॉफ यांनी वेगळ्या वाटेने जाऊन दाखवले की, गोट्या जमणारच असतील तर घातांकावर एक घातांक, एवढ्या पावलांत जमतात. तेही थोडे नव्हे. तथापि आकरमानच्या पुढे किरकोळच. येथे राक्षस सिद्धतेत होता.

आता त्याच प्रश्नातला 'किमान' हा शब्द काढून 'बरोबर' घाला: प्रत्येक डब्यात बरोबर ठरलेल्या इतक्याच गोट्या कधी येतील काय? हा प्रश्न सोडवता येतो हे एर्न्स्ट माइर यांनी १९८१ मध्ये दाखवले, पण किती वेळात ते कळले नव्हते. २०१९ मध्ये लेरू आणि श्मित्स यांनी आकरमानच्या वेगाची मर्यादा सिद्ध केली. रॅकॉफ यांच्यासारखा कोणी येऊन ती खाली आणील, अशी आशा त्यानंतर दोन वर्षे बाळगता आली. २०२१ मध्ये चेरविन्स्की आणि ऑर्लिकोव्स्की ह्या जोडीने, आणि स्वतंत्रपणे लेरू यांनी, ती खाली येऊच शकत नाही हे सिद्ध केले. डबे तेच, गोट्या त्याच.